टेनिसमधील विजयिनी : काल आणि आज

इंग्लंडांतील विंबल्डन येथें इ. स. १९११ सालीं स्त्रियांच्या एकेरी टेनिसचा शेवटचा सामना झाला. त्यांत श्रीमती डोरोथिया लँबर्ट चेंबर्स ह्यांनीं डोरा बूथबी हिचा ६-०, ६-० असा पराभव केला. प्रतिपक्षाला एकही गेम न देतां मिळविलेला असा विजय त्या हिरवळीवर शेवटच्या सामन्यांत पुन्हां घडावयास एकशें चौदा वर्षें जावीं लागलीं. २०२५ सालच्या जुलै महिन्यांत पोलंडच्या ईगा श्वियांतेक हिनें अमेरिकेच्या अमांडा अनिसिमोव्हा हिला अगदीं त्याच आंकड्यांनीं हरविलें.

स्पर्धा तीच आणि आंकडेही तेच. मग ह्या दोघींची योग्यता सारखीच होती, असें म्हणावयाचें काय? उत्तर देण्यापूर्वीं एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. १९११ सालीं विंबल्डनचा नियम असा होता कीं, गतवर्षींच्या विजयिनीनें स्वस्थ बसून राहावें. बाकीच्यांनीं आपसांत झुंजून एकीला निवडावें, आणि त्या एकीनें गतविजयिनीला आव्हान द्यावें. त्यामुळें चेंबर्सबाईंना त्या वर्षीं हा एकच सामना खेळावा लागला. श्वियांतेकला पंधरा दिवसांत सात सामने जिंकावे लागले. म्हणजे एकीला सात पायऱ्या चढून माडी गांठावी लागली, तर दुसरी माडीवरच बसली होती!

परंतु एवढ्यावर निकाल देणें हाही उतावीळपणा होईल. चेंबर्सबाई खेळत त्या पायघोळ झगा नेसून. त्यांच्या हातांत जड लाकडी रॅकेट असे. शिक्षक, वैद्य, आहारतज्ज्ञ असा आजच्यासारखा लवाजमा त्यांच्यामागें नव्हता, आणि जिंकल्यावर पैसाही मिळावयाचा नव्हता. खेळ हा त्यांचा छंद होता, व्यवसाय नव्हता. तेव्हां सारखे आंकडे पाहून दोघींना समान लेखणें जितकें चुकीचें, तितकेंच नियमाकडे बोट दाखवून जुन्या विजयिनीला हलकें लेखणेंही चुकीचें. दोन विद्यार्थ्यांना दोन निराळ्या प्रश्नपत्रिका दिल्या, आणि नंतर त्यांचे गुण मात्र एकाच पाटीवर मांडले, तर जो अन्याय होईल, तोच येथें होतो. निरनिराळ्या पिढ्यांतील खेळाडूंची तुलना करावयाची असेल, तर गुणांच्या आधीं प्रश्नपत्रिका वाचली पाहिजे.

आजकाल ही तुलना बहुधा एका आंकड्यावर केली जाते. विंबल्डन, पॅरिस, न्यूयॉर्क आणि ऑस्ट्रेलिया ह्या चार महास्पर्धा. त्यांत कोणी किती एकेरी अजिंक्यपदें मिळविलीं हें मोजावयाचें आणि जिचा आंकडा मोठा ती श्रेष्ठ ठरवावयाची. ह्या मापानें ऑस्ट्रेलियाची मार्गारेट कोर्ट २४ अजिंक्यपदांनीं पहिली, अमेरिकेची सेरेना विल्यम्स २३ नीं दुसरी, जर्मनीची स्टेफी ग्राफ २२ नीं तिसरी, आणि अमेरिकेची हेलन विल्स १९ नीं चौथी ठरते. त्यानंतर प्रत्येकीं १८ अजिंक्यपदें मिळवून ख्रिस एव्हर्ट आणि मार्टिना नवरातिलोव्हा ह्या दोघी एका ओळींत उभ्या राहतात. यादी नीटनेटकी दिसते. परंतु ती एकेक ओळ घेऊन तपासूं लागलें कीं तिचा नीटनेटकेपणा उरत नाहीं.

कोर्टच्या चोवीस पदांपैकीं अकरा ऑस्ट्रेलियांतलीं आहेत, आणि त्यांतलीं सात १९६० ते १९६६ ह्या काळांतलीं. त्या वेळीं युरोप-अमेरिकेंतील पुष्कळशा नामांकित खेळाडू एवढा लांबचा प्रवास करून ऑस्ट्रेलियाला जात नसत. म्हणून कोर्टचे टीकाकार ह्या पदांना कमी किंमत देतात. परंतु हीच बाई १९७० सालीं एकाच वर्षांत चारही स्पर्धा जिंकते, आणि त्या वर्षींच्या विंबल्डनच्या शेवटच्या सामन्यांत दुखावलेल्या घोट्यानें खेळून बिली जीन किंग हिला १४-१२, ११-९ असें हरविते. दोन सेटांत शेहेचाळीस गेम! सेट बरोबरींत असतां तो थोडक्यांत निकालांत काढण्याचा टाय-ब्रेकचा नियम विंबल्डनला त्यानंतरच्या वर्षीं आला. कोर्टचें मोठेपण पाहावयाचें तें चोवीसच्या आंकड्यांत नसून ह्या शेहेचाळीस गेमांत आहे.

उलट हेलन विल्स ऑस्ट्रेलियाला कधींच गेली नाहीं. त्या काळीं तो कित्येक आठवड्यांचा समुद्रप्रवास होता. राहिलेल्या तीन स्पर्धांत ती बावीस वेळां शेवटच्या सामन्यापर्यंत पोहोंचली आणि एकोणीस वेळां जिंकली. १९२७ ते १९३२ ह्या काळांत एकेरींत तिनें एक सेटसुद्धां गमावला नाहीं. तिची विंबल्डनची आठ अजिंक्यपदें ओलांडावयास १९९० साल उजाडावें लागलें; त्या वर्षीं नवरातिलोव्हानें नववें पद मिळविलें. ख्रिस एव्हर्टची गोष्ट तर याहून बोलकी आहे. मातीवर तिच्या तोडीची कोणी नव्हती. त्या मातीवर तिनें १९७३ ते १९७९ ह्या काळांत लागोपाठ १२५ सामने जिंकले. असें असूनही १९७६, १९७७ आणि १९७८ ह्या तीन वर्षीं, म्हणजे ऐन बहरांत, ती पॅरिसच्या स्पर्धेला गेलीच नाहीं. त्या दिवसांत ती अमेरिकेंत सांघिक सामने खेळत होती. चार स्पर्धांची बेरीज करून श्रेष्ठत्व ठरवावयाचें, ही कल्पनाच तेव्हां रूढ नव्हती. ज्या हिशेबाची वही पुढें कधीं काळीं उघडली जाणार, त्या हिशेबाच्या धोरणानें कोणी आधीं खेळत नसतें.

प्रश्नपत्रिकेचा दुसरा भाग म्हणजे खेळाची जमीन आणि हातांतलें हत्यार. १९७४ पर्यंत चारांपैकीं तीन महास्पर्धा हिरवळीवर होत. गवतावर चेंडू सखल आणि वेगानें निघतो. म्हणून जाळ्याजवळ धांवून जाऊन तो अधांतरीं टोलविणारीला लाभ असे. पुढें न्यूयॉर्कला १९७५ सालीं माती आली, आणि १९७८ पासून टणक कृत्रिम जमीन आली. ऑस्ट्रेलियानें १९८८ सालीं हिरवळ सोडली. गवतावर, मातीवर आणि टणक जमिनीवर अशा तिन्ही ठिकाणीं एकाच वर्षीं जिंकण्याची परीक्षा १९७८ पासूनच सुरू झाली होती. स्टेफी ग्राफ १९८८ सालीं त्या परीक्षेला बसली आणि चारही ठिकाणीं जिंकून वर सेऊल येथील ऑलिंपिकचें सुवर्णपदकही तिनें मिळविलें. असा योग एकाच वर्षांत दुसऱ्या कोणाही एकेरी खेळाडूला, पुरुषाला वा स्त्रीला, अद्याप साधलेला नाहीं. त्याच सुमारास लाकडी रॅकेटही गेली आणि तिच्या जागीं मोठ्या तोंडाची, हलकी, कृत्रिम द्रव्याची रॅकेट आली. लाकडी रॅकेटनें चेंडू मध्यभागींच बसवावा लागे. तो जरा कडेला लागला कीं फुकट जाई. नवीन रॅकेट ही चूक पुष्कळशी सांभाळून घेते, आणि अंगांतील बळ चेंडूंत उतरविते. म्हणून आजचा तडाखा कालच्यापेक्षां जबर आहे, ह्यांत संशय नाहीं. परंतु त्या जबरपणाचें श्रेय विभागून द्यावें लागेल.

आतां कोणी म्हणेल कीं, भिन्न पिढ्या समोरासमोर येत नाहींत म्हणूनच हा घोळ होतो. परंतु त्या कधीं कधीं येतात, आणि तो प्रसंग टेनिसच्या इतिहासांतील अत्यंत उद्बोधक प्रसंग असतो. पहिल्या महायुद्धामुळें चार वर्षें बंद पडलेलें विंबल्डन १९१९ सालीं पुन्हां सुरू झालें. चेंबर्सबाई तोपर्यंत सात वेळां विजयी झाल्या होत्या. वय चाळीस, दोन मुलांची आई. त्यांच्यासमोर उभी राहिली वीस वर्षांची फ्रेंच मुलगी, सुझान लेंग्लेन. घट्ट चोळीबंद टाकून, आंखूड झगा घालून, नर्तकीप्रमाणें मैदानभर विहरणारी. राजे पंचम जॉर्ज आणि राणी मेरी ह्यांच्या देखत तो सामना झाला. लेंग्लेन १०-८, ४-६, ९-७ अशी जिंकली. पण तिसऱ्या सेटमध्यें एका क्षणीं चेंबर्सबाईंना विजयासाठीं एकच गुण हवा होता, आणि अशी संधि त्यांना दोनदां आली. दोन्ही वेळां लेंग्लेन निसटली.

ह्या सामन्यानंतर लेंग्लेन सात वर्षें टेनिसची सम्राज्ञी होती. ह्या काळांत एकेरींत तिच्या नांवावर एकच पराजय लागला. तो १९२१ सालीं अमेरिकेंत, मोला मॅलरीविरुद्ध, आणि तोही सामना मध्येंच सोडल्यामुळें. जिला पुढें कोणी हरवूं शकलें नाहीं, तिला एका चाळिशींतल्या आईनें पराभवाच्या काठावर आणून सोडलें होतें! १९११ सालचे ते सोपे दिसणारे आंकडे आतां पुन्हां पाहावे. एकच सामना खेळून अजिंक्य ठरलेली ती बाई खरोखर किती उंचीची होती, हें तिच्या विजयानें सांगितलें नाहीं तें तिच्या पराभवानें सांगितलें.

तशीच दुसरी भेट १९२६ सालच्या फेब्रुवारींत फ्रान्समध्यें कान येथें झाली. लेंग्लेन आणि वीस वर्षांची हेलन विल्स ह्या दोघी एकमेकींविरुद्ध एकेरींत खेळल्या त्या फक्त एकदां, आणि ती हीच वेळ. दुसऱ्या सेटमध्यें लेंग्लेनला विजयासाठीं एक गुण हवा असतांना विल्सनें मारलेला चेंडू ‘बाहेर’ असा पुकारा झाला. दोघींनीं हस्तांदोलन केलें, लोक मैदानांत शिरले, फुलें आलीं. इतक्यांत रेषेवरील पंचानें सांगितलें कीं, तो पुकारा आपला नव्हे, चेंडू आंतच होता. सामना पुन्हां सुरू झाला. जिंकलेला डाव हातून गेला तरी लेंग्लेननें धीर सोडला नाहीं, आणि ६-३, ८-६ असा तो पुन्हां जिंकला. त्याच वर्षीं ती व्यावसायिक झाली. त्या काळच्या नियमानें तिला मोठ्या स्पर्धांचे दरवाजे बंद झाले. विल्सचें साम्राज्य त्यानंतर सुरू झालें. दोघींत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न कानच्या त्या एका दुपारवरच थांबला आहे.

पुढच्या काळांत ही सांखळी अधिक लांब दिसते. १९७३ सालीं पॅरिसला कोर्टनें अठरा वर्षांच्या एव्हर्टला हरविलें. १९७८ सालीं विंबल्डनला एव्हर्टला नवरातिलोव्हानें हरविलें. १९८८ सालीं त्याच मैदानावर नवरातिलोव्हाला ग्राफनें हरविलें. १९९९ सालीं ग्राफ आणि सेरेना विल्यम्स दोनदां खेळल्या, आणि दोघींनीं एकेक सामना जिंकला. २०१८ सालीं न्यूयॉर्कला सेरेनाला जपानच्या नाओमी ओसाकानें हरविलें. आणि २०२४ सालीं पॅरिसला ओसाका विजयापासून एका गुणावर असतांना तो गुण वांचवून श्वियांतेकनें तिला हरविलें. ह्यावरून प्रत्येक पुढची मागचीपेक्षां श्रेष्ठ, असा सिद्धान्त कोणी काढूं नये. कारण ह्या भेटींत एकीचा सूर्य उगवत असतो, तर पुष्कळदां दुसरीचा कलत असतो. वयाचा हिशेब न करतां काढलेला निष्कर्ष हा फक्त पंचांगाचा निष्कर्ष होय, खेळाचा नव्हे.

आतां प्रश्नपत्रिकेचा सर्वांत कठीण भाग. ज्यांना परीक्षेलाच बसूं दिलें नाहीं, किंवा ज्या मध्येंच उठून गेल्या, त्यांचें काय करावयाचें? हेलन विल्स अजिंक्य होती त्याच काळांत अमेरिकेंत ओरा वॉशिंग्टन नांवाची एक कृष्णवर्णीय स्त्री होती. कृष्णवर्णीयांसाठीं वेगळी असलेली राष्ट्रीय स्पर्धा तिनें आठ वेळां जिंकली. गोऱ्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत तिला प्रवेश नव्हता. विल्स आणि वॉशिंग्टन कधींही समोरासमोर आल्या नाहींत. तें दार उघडलें १९५० सालीं, अ‍ॅल्थिया गिब्सनसाठीं. ती तेव्हां तेवीस वर्षांची होती. एव्हर्ट-ग्राफसारख्या मुली ज्या वयांत महास्पर्धा जिंकून बसल्या होत्या, त्या वयांत तिला केवळ प्रवेश मिळाला. तरीही तिनें १९५६ सालीं पॅरिस, आणि १९५७ व १९५८ अशीं दोन्ही वर्षें विंबल्डन आणि अमेरिकन अजिंक्यपद मिळविलें. एकूण पदें पांच. बेरजेच्या वहींत पांच हा आंकडा लहान दिसेल. परंतु तिनें खेळतां खेळतां एक भिंत पाडली, आणि त्या खिंडारांतूनच पुढें व्हीनस आणि सेरेना ह्या भगिनी आंत आल्या.

भिंती केवळ वर्णाच्याच होत्या असें नाहीं. समुद्राच्या आणि पैशाच्याही होत्या. सत्याग्रहगीता हें संस्कृत काव्य लिहिणाऱ्या पंडिता क्षमाबाई राव ह्यांच्या कन्या, मुंबईच्या लीला राव, ह्यांनीं १९३४ सालीं विंबल्डनला सामना जिंकला. असें करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत. तो एक सामना कोणत्याही जागतिक यादींत येणार नाहीं. परंतु त्या काळीं तेथवर पोहोंचण्यालाच किती पायऱ्या होत्या, हें आठवलें म्हणजे त्याचें मोल कळतें.

आणि मध्येंच उठून गेलेल्या? अमेरिकेच्या अ‍ॅलिस मार्बलनें १९३९ सालीं विंबल्डनला एकेरी, दुहेरी आणि मिश्र दुहेरी अशीं तिन्ही पदें घेतलीं. लगेच महायुद्ध आलें, आणि सहा वर्षें विंबल्डन भरलेंच नाहीं. मॉरीन कॉनॉलीनें १९५३ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, चारही महास्पर्धा जिंकल्या. असें करणारी ती पहिली स्त्री. त्या चार स्पर्धा मिळून तिनें एकच सेट गमावला. पुढच्या वर्षीं घोड्यावरून रपेट करतांना अपघात होऊन पायाला जबर दुखापत झाली, आणि वीस वर्षें पुरीं होण्याआधींच तिचा खेळ संपला. मोनिका सेलेसनें विसाव्या वाढदिवसापूर्वीं आठ महापदें मिळविलीं होतीं. १९९३ सालच्या एप्रिलच्या अखेरीस हॅम्बुर्गला, सामना चालू असतांना, एका माथेफिरूनें तिच्या पाठींत सुरी खुपसली. ती सव्वादोन वर्षांहून अधिक काळ खेळली नाहीं, आणि परतल्यावर तिला आणखी एकच महापद मिळालें. ह्या हल्ल्यानंतरच्या चारही महास्पर्धा ग्राफनें जिंकल्या. ग्राफचा ह्यांत तिळभर दोष नाहीं. परंतु बावीस आणि नऊ हे आंकडे शेजारीं शेजारीं लिहितांना ज्याच्या हाताला थोडाही कंप सुटत नाहीं, त्यानें खेळाचा इतिहास वाचला आहे असें म्हणवत नाहीं.

मग तुलना करूंच नये काय? तसें नाहीं. तुलना हा रसिकाचा हक्क आहे, आणि तिच्यावांचून रसास्वाद अपुरा राहतो. मात्र ‘सर्वश्रेष्ठ कोण’ ह्या एका प्रश्नाऐवजीं तीन प्रश्न विचारावे. पहिला : आपल्या समकालीनांच्या मानानें ती किती उंच होती? दुसरा : ती उंची तिनें किती काळ टिकविली? तिसरा : मागून येणाऱ्यांसाठीं तिनें काय ठेविलें?

पहिल्या प्रश्नाला लेंग्लेनचें नांव पुढें येतें. नवरातिलोव्हानें १९८३ सालीं ८६ सामने जिंकून एकच गमावला. ग्राफचें १९८८ साल तर सांगून झालेंच. पण सात वर्षें जिला जवळपास कोणी पोहोंचलेंच नाहीं, अशी लेंग्लेनच. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर सेरेना विल्यम्स. पहिलें महापद १९९९ सालीं, सतराव्या वर्षीं. शेवटचें २०१७ सालीं, पस्तिसाव्या वर्षीं, आणि तेंही गरोदर असतांना. कन्येच्या जन्मानंतरही ती चार वेळां शेवटच्या सामन्यापर्यंत गेली. चारही हरली, पण चेंबर्सबाईंची कथा ज्यांनीं ऐकली, त्यांना असल्या हरण्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाहीं. प्रवेश सर्वांना खुला, जमिनी तीन प्रकारच्या आणि प्रतिस्पर्धी सर्व जगांतून आलेले, अशी सर्वांत कठीण प्रश्नपत्रिकाही तिच्याच वांट्याला आली होती.

तिसऱ्या प्रश्नाला गिब्सनबरोबर उत्तर बिली जीन किंग. १९६८ सालीं विंबल्डन व्यावसायिकांना खुलें झालें, तेव्हां पुरुष विजेत्याला दोन हजार पौंड मिळाले आणि स्त्री-विजेत्या किंगबाईंना साडेसातशें. मैदान तेंच, प्रेक्षक तेच, आणि मोल निम्म्याहून कमी! १९७० सालीं त्यांनीं आणि आणखी आठ जणींनीं एकेक डॉलर घेऊन स्त्रियांच्या स्वतंत्र स्पर्धांचा करार केला. खेळांतून बहिष्कृत होण्याचा धोका पत्करून त्यांनीं हें केलें. १९७३ सालीं न्यूयॉर्कच्या स्पर्धेनें दोघांचें बक्षीस समान केलें. विंबल्डनला तें शहाणपण २००७ सालीं सुचलें, आणि त्या वर्षीं समान रकमेची पहिली मानकरी ठरली व्हीनस विल्यम्स. किंगबाईंचीं एकेरी महापदें बारा. परंतु आज जी मुलगी रॅकेट घेऊन पोटापाण्याचा विचार करूं शकते, तिच्या प्रत्येक विजयांत त्या बारांचा अंश आहे.

श्रोतेहो, जुनें तेंच सोनें म्हणणारे आणि नवें तेंच खरें म्हणणारे दोघेही एकच चूक करीत असतात. ते एका पिढीची प्रश्नपत्रिका दुसरीच्या हातांत देतात. चेंबर्सबाईंना आजच्या मैदानावर उभें केलें तर त्या हरतील, हें सांगावयास पंडित नको. पण श्वियांतेकला पायघोळ झगा, जड लाकडी रॅकेट आणि चाळीस वर्षांचें वय देऊन १९१९ च्या लेंग्लेनसमोर उभी केली, तर काय होईल, हेंही कोणीं सांगावें? दोघींनींही आपापल्या दिवशीं समोरचीला एकही गेम दिला नाहीं. ज्या दिवशीं जें मागितलें गेलें तें त्यांनीं पुरेपूर दिलें. विजयिनीला ह्याहून अधिक कांहीं मागतां येत नाहीं, आणि ह्याहून कमी मोबदला देण्याचा प्रेक्षकालाही अधिकार नाहीं.